स्त्रीवेशातील साधना : श्रीरामकृष्णांच्या चरित्रातील एक पर्व

भारतीय भक्तिसाहित्यात पुरुष कवीने स्त्रीचा स्वर स्वीकारणे ही अपूर्व गोष्ट नव्हे. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांतून आणि एकनाथांच्या गौळणींतून बोलणारी स्त्री मराठी वाचकाला चांगलीच परिचित आहे. परंतु ही स्त्री बहुधा शब्दांपुरती राहते. अभंग संपला की कवीचा वेश, त्याचा व्यवहार आणि घरातील त्याचे स्थान पूर्ववत पुरुषाचेच असते. एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्यात मात्र एका साधकाने हा स्वर आपल्या देहावर उतरविला आणि सुमारे सहा महिने स्त्रीवेशात, स्त्रियांच्या सहवासात, नित्याचे जीवन व्यतीत केले. श्रीरामकृष्ण परमहंसांच्या चरित्रातील हे पर्व त्यांच्या भक्त-चरित्रकारांनी लपविले नाही. त्याचा अर्थ लावताना मात्र उत्तरकालीन वाचक वारंवार अडखळले आहेत.

हुगळी जिल्ह्यातील कामारपुकुर या खेड्यात १८ फेब्रुवारी १८३६ रोजी एका दरिद्री ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील क्षुदिराम चट्टोपाध्याय आणि आई चंद्रमणी. मुलाचे नाव गदाधर. पाठशाळेतील गणितापेक्षा गावातील जात्रा, कथा-कीर्तने आणि मूर्ती घडविणे यांत तो अधिक रमे. गावातील स्त्रिया त्याच्याकडून पुराणकथा ऐकत, आणि त्यांच्या चालण्याबोलण्याची हुबेहूब नक्कल करण्यात त्याचा हातखंडा होता. दुर्गादास पाइन नावाच्या गृहस्थाला आपल्या घरातील स्त्रियांच्या पडद्याचा मोठा अभिमान होता. परक्या पुरुषाची दृष्टी आपल्या अंतःपुरात पोहोचणे शक्य नाही, असे तो म्हणे. एका संध्याकाळी गदाधर जाडेभरडे लुगडे नेसून, हातांत चांदीचे दागिने घालून, काखेत टोपली घेऊन विणकराच्या स्त्रीच्या रूपात त्याच्या दारी गेला. बाजारातून परतताना सोबतिणींशी ताटातूट झाल्याचे सांगून त्याने आसरा मागितला आणि अंतःपुरात प्रवेश मिळविला. शोधात निघालेल्या थोरल्या भावाच्या हाकेला त्याने ओ दिली, तेव्हाच हे बिंग फुटले. येथे वेश हे केवळ सोंग होते. एका घराचा गर्व उतरविण्यापलीकडे त्याचे प्रयोजन नव्हते.

१८५२ मध्ये गदाधर कलकत्त्यास आला. थोरले बंधू रामकुमार यांची झामापुकुर भागात संस्कृत पाठशाळा होती. ३१ मे १८५५ रोजी राणी रासमणीने गंगाकाठी दक्षिणेश्वर येथे बांधलेल्या कालीमंदिराची प्रतिष्ठा झाली आणि रामकुमार तेथे पुजारी झाले. पुढल्याच वर्षी ते निवर्तले आणि पूजेचा भार धाकट्या भावावर आला. पूजा करता करता या तरुण पुजाऱ्याच्या ठायी जी ईश्वरदर्शनाची तळमळ उत्पन्न झाली, ती पाहून मंदिरातील मंडळींनी त्याला वेडा ठरविले. राणीचे जावई मथुरानाथ विश्वास यांनी मात्र त्याचा अखेरपर्यंत सांभाळ केला.

या साधनाकाळाचे एक लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. रामकृष्णांना कोणताही भाव केवळ मनाने धारण करता येत नसे. हनुमंताच्या दास्यभावाने रामाची उपासना करीत असता ते कमरेला वस्त्र शेपटीसारखे गुंडाळीत, फळेमुळे खात आणि बराच काळ झाडावर काढीत. पुढे १८६६ मध्ये इस्लामची साधना केली तेव्हा मुसलमानांप्रमाणे धोतर नेसले आणि तेवढे दिवस देवळातील देवतांच्या दर्शनालाही गेले नाहीत. वेश, आहार आणि वावर ही त्यांच्या दृष्टीने साधनेची अंगेच होती.

१८६४ च्या सुमारास त्यांनी वैष्णवांच्या मधुरभावाची साधना आरंभिली. श्रीकृष्ण हा एकच पुरुष आणि जीवमात्र त्याची प्रेयसी, ही या भावाची धारणा होय. बंगालमध्ये चैतन्यांच्या (१४८६–१५३३) राधाभावामुळे तिला विशेष प्रतिष्ठा लाभली होती. रामकृष्णांनी स्त्रीवेशाची इच्छा प्रकट करताच मथुरबाबूंनी बनारसी साडी, घागरा, ओढणी, कंचुकी, केसांचा टोप आणि सोन्याचे अलंकार आणवून दिले. त्यावरून लोकांत कुजबुज सुरू झाली. साधूच्या वैराग्यावर आणि धनिकाच्या औदार्यावर नाना तऱ्हेचे आरोप झाले. दोघांनीही तिकडे लक्ष दिले नाही.

या काळात रामकृष्णांचे वास्तव्य अधूनमधून कलकत्त्यातील जानबाजार येथे, मथुरबाबूंच्या वाड्यात असे. तेथे ते पुरुषांच्या बैठकीत न राहता अंतःपुरात राहत. घरातील स्त्रिया त्यांच्यासमोर संकोच करीत नसत. घरी जावई आला म्हणजे ते मुलीची वेणीफणी करीत, तिला अलंकार घालून सजवीत आणि मैत्रिणीप्रमाणे तिला पतीपाशी पोहोचवून परतत. दुर्गापूजेच्या दिवसांत ते स्त्रियांच्या मेळ्यात उभे राहून देवीवर चवरी ढाळीत असता मथुरबाबूंनी त्यांना पाहिले. पण ती घरी आलेली कोणी पाहुणी असावी असे समजून नंतर पत्नी जगदंबा हिच्याकडे त्यांनी चौकशी केली. भाचा हृदयराम हा तर त्यांचा नित्याचा सोबती. परंतु अंतःपुरातील स्त्रियांतून मामाला ओळखून काढणे त्यालाही प्रथम जमले नाही. चालताना स्त्रियांप्रमाणे त्यांचा डावा पाय आधी पुढे पडे, असे त्याच्या निरीक्षणास आले होते.

जानबाजारचा वाडा आणि कामारपुकुरचे पाइनांचे घर यांची येथे सहजच तुलना होते. दोन्ही ठिकाणी स्त्रीवेशातील पुरुष अंतःपुरात आहे. परंतु पहिल्या ठिकाणी कोणाला काही माहीत नव्हते, तर दुसऱ्या ठिकाणी स्त्रियांना सर्व काही ठाऊक होते. पहिल्या वेशाचे यश फसविण्यात होते. दुसऱ्याची कसोटी त्या स्त्रियांच्या विश्वासात होती, आणि त्या कसोटीला तो उतरला. पुरुषाच्या दृष्टीपासून जपलेल्या घरात पुरुषाची दृष्टी टाकून देऊन राहणे, हा या साधनेचा व्यावहारिक अर्थ होय.

श्रीकृष्णदर्शनाने साधनेची परिणती झाल्यावर तो वेश त्यांनी उतरविला. त्यानंतर तोतापुरी या संन्याशाकडून त्यांनी अद्वैताची दीक्षा घेतली, त्या वेळी शिखा आणि यज्ञोपवीतही टाकले. मात्र मधुरभावाचा संस्कार पुसला गेला नाही. १८५९ मध्ये ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता, त्या सारदामणी १८७२ मध्ये दक्षिणेश्वरास आल्या. रामकृष्णांनी पत्नीची देवीरूपाने पूजा केली आणि दोघांचे सहजीवन देहसंबंधावाचून चालले. स्वतः जगन्मातेची दासी होऊन राहिल्यामुळेच आपणास हे शक्य झाले, असे ते पुढे शिष्यांना सांगत. अर्थात त्यांच्या उपदेशात कामिनी आणि कांचन यांच्या त्यागाचा जो सततचा आग्रह आहे, त्यातील स्त्रीविषयक भीती या अनुभवाने नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात शेजारी शेजारी नांदतात.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत वेशांतराचा हा विषय वेगळ्या दिशेने पुन्हा समोर आला. कलकत्त्याच्या बंगाल थिएटरने १८७३ मध्ये अभिनेत्रींना रंगभूमीवर आणले होते. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिका गाजल्या त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. २१ सप्टेंबर १८८४ रोजी स्टार थिएटरात गिरीशचंद्र घोषांचे चैतन्यलीला हे नाटक पाहण्यास रामकृष्ण गेले. चैतन्याची भूमिका विनोदिनी दासी हिने केली होती. राधेच्या भावाने वेडावलेला पुरुष एक स्त्री साकारीत होती आणि तो भाव प्रत्यक्ष जगलेला पुरुष समोर बसला होता. समाजाने बहिष्कृत मानलेल्या त्या नटीला त्यांनी आशीर्वाद दिला. पुढल्या वर्षी घशाच्या कर्करोगामुळे त्यांना श्यामपुकुर येथे ठेवण्यात आले आणि भेटीगाठींवर निर्बंध आले, तेव्हा विनोदिनी साहेबी पुरुषवेश करून कालीपद घोषांसमवेत त्यांच्या दर्शनास गेली. शिष्य फसले, रामकृष्णांना मात्र ती युक्ती कळताच हसू आवरले नाही. १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूर येथील उद्यानगृहात त्यांचे निधन झाले.

मेकॉलेने १८४१ मध्येच बंगाली पुरुषाला दुर्बळ आणि स्त्रैण ठरविले होते. या हेटाळणीला उत्तर देऊ पाहणाऱ्या पिढीला सामर्थ्याचा आणि पौरुषाचा पुकारा करणारे विवेकानंद जवळचे वाटले, आणि गुरूंचा घागरा काहीसा अडचणीचा झाला. तरीही १९०९ पासून उद्बोधन मासिकातून लीलाप्रसंग लिहिणाऱ्या स्वामी सारदानंदांनी हा वृत्तांत तपशिलाने नोंदविला, हे त्यांच्या चरित्रकारधर्माचे गमक होय. १९९५ मध्ये जेफ्री क्रायपल यांनी या चरित्राचा समलिंगी कामभावाच्या अंगाने अर्थ लावला तेव्हा मोठा वाद उद्भवला आणि रामकृष्ण संघातील अभ्यासकांनी त्याचा सविस्तर प्रतिवाद केला. एका पक्षाला या वेशात दडलेली वासना दिसते, दुसऱ्याला केवळ आध्यात्मिक रूपक. दोन्ही अर्थांत जानबाजारच्या वाड्यातील दैनंदिन व्यवहार, म्हणजे ती वेणीफणी, ती चवरी आणि स्त्रियांचा तो निःसंकोच सहवास, बाजूला पडतो. रेणुकेचे लुगडे नेसून गावोगाव हिंडणारे जोगते ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत, त्या मराठी समाजातील अभ्यासकाला तरी वेशाचा असा व्यवहार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. तुलनात्मक अभ्यासाने आरंभ करावयाचा तो या व्यवहारापासूनच.