गिटार न येणारा गिटारवाला

ज्या माणसाने जगाला स्ट्रॅटोकास्टर दिली त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. साधी ट्यूनसुद्धा करता येत नसे! त्याचं नाव लिओ फेंडर. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्रीही नव्हती. सबमिशनच्या गडबडीत असलेल्या आपल्या सगळ्यांना हे वाचून जरा बरं वाटेल.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, कॅलिफोर्नियातला. घरची संत्र्यांची बाग होती. आठ वर्षांचा असताना ट्यूमरमुळे त्याचा डावा डोळा गेला आणि तिथे काचेचा डोळा आला. कॉलेजात तो अकाउंटिंग शिकला. रेडिओ मात्र लहानपणापासून स्वतःच खोलून, जोडून शिकला. मंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथले वादक बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन यायचे. हा दुरुस्त करायचा आणि त्यांच्या तक्रारी मन लावून ऐकायचा. हीच त्याची लॅब.

त्यातून १९५० मध्ये आली ती गिटार जी पुढे टेलिकास्टर झाली, १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. टेलिकास्टरच्या कडा अंगाला टोचतात अशी वादकांची तक्रार होती, म्हणून स्ट्रॅटच्या कडा गोल झाल्या.

या गिटारींचा जीव म्हणजे सिंगल कॉइल पिकअप. सहा चुंबकी दांड्या आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. फर्स्ट इयरला पाठ केलेला फॅरेडेचा नियम तो हाच! आवाज येतो स्वच्छ, काचेसारखा. पण कॉइल म्हणजे अँटेनाच. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक, सगळ्यांचं मॅग्नेटिक फील्ड ती गोळा करते. अमेरिकेत ६० हर्ट्झची घरघर, आपल्याकडे ५० ची. आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये डिस्टॉर्शन चालू केलं की गाण्याआधी घरघरच ऐकू येते.

यावरचा उपाय १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर याने पेटंटसाठी दाखल केला. दोन कॉइल शेजारी शेजारी, वेढे उलटे आणि चुंबकही उलटे. घरघर वजा होते, तारेचा आवाज बेरीज होतो. हाच हंबकर. पण त्याचा आवाज जाडसर, ती काचेची चमक कमी.

लिओने वेगळी वाट धरली. १९५७ मध्ये प्रिसिजन बासचा पिकअप त्याने दोन तुकड्यांत विभागला. दोन तारा एका कॉइलवर, दोन दुसरीवर. घरघर जाते, पण प्रत्येक तारेला कॉइल एकच मिळते. मला तरी ही आयडिया जबरदस्त वाटते. स्ट्रॅट मात्र घरघरतच राहिली.

मग आजारपण आलं. सायनसचं इन्फेक्शन काही केल्या जाईना. आपण आता फार जगत नाही असं वाटून जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नंतर तो बरा झाला! नाव त्याचं आणि कंपनी दुसऱ्याची. दुसरा कोणी पैसे मोजत बसला असता. हा पुन्हा वर्कबेंचवर बसला. आधी म्युझिक मॅन, मग जी अँड एल. तिथे त्याने झेड कॉइल पिकअप केला. तीन तारा एका तुकड्यावर, तीन दुसऱ्यावर. बासवर सुचलेली युक्ती इतक्या वर्षांनी सहा तारांच्या गिटारवर आली. पार्किन्सन्स झाला तरी तो काम करत राहिला. २१ मार्च १९९१ ला तो गेला.

हे सगळं मी वाचलं त्याला कारण आहे. आमच्या बँडने नॉइजलेस पिकअपसाठी वर्गणी काढली आहे. पैसे एकदाच खर्च होणार, म्हणून रोज वाद! एक पर्याय स्टॅक्ड, म्हणजे एका कॉइलखाली दुसरी. वरची तार ऐकते, खालची मुख्यतः घरघर गोळा करून ती वजा करते. स्ट्रॅटच्या खाचेत आरामात बसतो, पण खालची कॉइल आवाजाची थोडी चमक खाऊ शकते. दुसरा स्प्लिट, म्हणजे लिओची युक्ती. त्यात मधल्या दोन तारांचा आवाज सारखा येतो ना, ते तपासून घ्यावं. नुसतं आतून कॉपर फॉइल लावणं स्वस्त आहे, त्याने चरचर कमी होते, पण चोकची मॅग्नेटिक घरघर त्याने थांबत नाही.

माझं मत विचाराल तर कॅटलॉगमधले आकडे बाजूला ठेवा. आधी क्लीन टोनवर ऐका, मग डिस्टॉर्शनवर. आणि निर्णय वाजवणाऱ्याच्या कानाला घेऊ द्या. लिओने आयुष्यभर तेच केलं. त्याला वाजवता येत नव्हतं, म्हणून तो ऐकायला शिकला.