गोरेगावचे ना. म. जोशी : एका लाचखोराला पकडून प्रश्न सुटत नाही

मुंबईत लोअर परळला ना. म. जोशी मार्ग आहे. जुने लोक आजही त्याला डिलाईल रोडच म्हणतात. आपल्या महाड-पोलादपूरकडची कित्येक माणसं पोट भरायला मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी जहाजावर. त्या रस्त्यावरून ती रोज चालली असतील. पण हे ना. म. जोशी कोण, असं आज घरात विचारलं तर सांगणारं कुणी सापडत नाही. आणि गंमत म्हणजे हा माणूस आपल्याच जिल्ह्याचा. कापड्याहून पोलादपूर, पुढे महाड, मग हायवेने लोणेरे. लोणेरे फाट्यावरून आत वळलं की गोरेगाव. मुंबईचं नाही, माणगाव तालुक्यातलं.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी याच गोरेगावात झाला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. शिक्षण पुण्यात झालं, डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. मग काही वर्षं त्यांनी शाळेत मास्तरकी केली. १९०९ मध्ये नोकरी सोडून ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथे मोठा पगार नव्हता, फक्त आयुष्यभर काम करायचं होतं. ते त्यांनी केलं.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालयं, दवाखाना, कर्जात बुडालेल्यांसाठी सहकारी पतपेढी अशी कामं लीगने हाती घेतली. परळचा दामोदर हॉल याच लीगचा. पुढे मार्च १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया याच हॉलमध्ये घातला गेला.

चाळीचाळीतून फिरताना जोशींना एक गोष्ट रोज दिसत होती. गिरणीत कामगार भरायचा तो मुकादम. त्याला जॉबर म्हणत. काम पाहिजे तर आधी त्याला दस्तुरी द्या. ती देण्यासाठी सावकाराकडून कर्ज काढा. लागलेलं काम टिकवायचं तर पुन्हा द्या. बायकांच्या खात्यात हेच काम नायकिणी करायच्या. गावाहून आलेल्या माणसाचा पहिला पगार हातात पडायच्या आधीच वाटला गेलेला असायचा.

जहाजांची गोष्ट तर आपल्या कोकणी मुसलमान घरांना नवीन नाही. खलाशी भरायचा सारंग किंवा दलाल. त्याच्या मर्जीशिवाय जहाज मिळायचं नाही. महिनोन्‌महिने मुंबईत बसून राहायचं, उधारीवर जेवायचं, आणि नंबर लागावा म्हणून पैसे मोजायचे. खलाशाकडून असे पैसे घेणं हा कायद्याने गुन्हा होता. पण तक्रार करणार कोण? ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची, पुढचं जहाज त्याच्याच हातात. एखादा सारंग पकडला गेला, तरी त्याच्या जागी दुसरा येऊन बसे आणि तोही तेच करी.

जोशींचं वेगळेपण इथे आहे. लाचखोराला शिक्षा व्हायलाच पाहिजे, पण तेवढ्यानं काम संपत नाही, ही त्यांची भूमिका होती. ज्या व्यवस्थेमुळे मुकादमाच्या हातात माणसाची रोजी-रोटी जाते, ती व्यवस्था बदलली पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: कामगाराची संघटना, कामगाराच्या बाजूचा कायदा आणि कायदा बनतो त्या ठिकाणी कामगाराचा आवाज. पुढची पस्तीस वर्षं ते या तीन गोष्टींच्या मागे होते.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवलं. पण सरकारने निवडलेला माणूस कामगारांचा प्रतिनिधी कसा, हा सवाल तेव्हाच उभा राहिला. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत एम्पायर थिएटरमध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजे आयटकची, पहिली परिषद भरली. लाला लजपतराय अध्यक्ष होते. जोशी स्थापना करणाऱ्यांपैकी एक. पुढे १९२५ ते १९२९ आणि पुन्हा १९४० ते १९४८ ते आयटकचे सरचिटणीस होते.

त्या काळात युनियन काढणं धोक्याचं होतं. मद्रासच्या बिन्नी गिरणीच्या प्रकरणात युनियनच्या पुढाऱ्यांवर कोर्टाचा मनाईहुकूम आला होता. संप केला म्हणून नुकसानभरपाईचे दावे लागत होते. जोशी १९२१ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने नेमलेले सभासद होते. त्याच वर्षी त्यांनी युनियनला कायद्याचं संरक्षण द्यावं असा ठराव मांडला. पाच वर्षांनी, १९२६ मध्ये, ट्रेड युनियन कायदा झाला.

१९२५ चा गिरणी संप समजून घेण्यासारखा आहे. मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. यात कोकणातले, घाटावरचे, मदनपुऱ्यातले मोमीन विणकर, सगळेच होते. सरकार इथल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर घेत होतं, आणि तो गेल्याशिवाय परवडत नाही अशी मालकांची तक्रार होती. डिसेंबरमध्ये सरकारने तो कर थांबवला, तेव्हा कपात मागे घेतली गेली. कामगाराचा पगार फक्त मालकाच्या मनावर नाही, सरकारच्या करांवर आणि धोरणावरही ठरतो, हे त्या वर्षी चाळीतल्या माणसाला कळलं. संपानंतर लगेच, १ जानेवारी १९२६ रोजी बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन निघाली. जोशी तिचे अध्यक्ष झाले.

सगळीकडे यश आलं असं नाही. बाळंतपणाच्या रजेसाठी त्यांनी १९२४ मध्ये बिल आणलं, ते कायदेमंडळाने फेटाळलं. पण १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. पगाराची गोष्ट तशीच. गिरणीत महिन्याचा पगार पुढचा अर्धा महिना उलटला तरी हातात पडत नसे, वर दंडाच्या नावाने कापाकापी. मजुराचा मोबदला वेळेवर द्यायची शिकवण आपल्या दीनने दिली आहे, पण कारखान्यात ती कायद्यानेच आणावी लागली. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात दिवसांत आणि जास्त असतील तर दहा दिवसांत पगार देणं बंधनकारक केलं. दंडही रुपयाला अर्ध्या आण्यापेक्षा जास्त कापता येणार नव्हता.

जोशी जहाल नव्हते. त्यांच्यावर टीका खूप झाली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात ते लाल बावट्याच्या पुढाऱ्यांबरोबर होते, पण १९२९ मध्ये नागपूरला आयटक फुटली. सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही, यावरून वाद पेटला. जोशी आणि त्यांचे साथी बाहेर पडले. ते सरकारचे माणूस आहेत असा आरोप झाला. पण त्याच जोशींनी कायदेमंडळात संपावर बंधनं घालणाऱ्या ट्रेड डिस्प्यूट्स बिलाला विरोध केला होता. आणि १९४० पर्यंत फूट मिटली तेव्हा दोन्ही बाजूंना मान्य होईल असा सरचिटणीस म्हणून जोशीच सापडले.

त्या रॉयल कमिशनवर ते सभासद होते. सर इब्राहिम रहिमतुल्लाही त्यात होते. १९३१ च्या अहवालात मुकादमाच्या लाचखोरीवर सरळ लिहिलं गेलं, आणि भरतीचं काम त्याच्या हातातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावं अशी शिफारस झाली. लंडनच्या गोलमेज परिषदेत जोशी गेले ते कामगाराला मत मिळावं ही मागणी घेऊन. १९३५ च्या कायद्याने सगळ्यांना मत दिलं नाही, पण प्रांतांच्या कायदेमंडळांत कामगारांसाठी ३८ जागा राखल्या.

आणि खलाशी? १९२२ मध्येच क्लो कमिटीने दलाली बंद करून सरकारी भरती कचेरी काढावी असं सुचवलं होतं. सरकार आणि जहाज कंपन्यांनी ते वर्षानुवर्षं लांबवलं. मुंबईत खलाशांची रोजगार कचेरी सुरू झाली ती १९५४ मध्ये. बत्तीस वर्षं! मधल्या काळात आपल्याकडच्या किती बापांनी सारंगाला पैसे मोजले असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. पुढच्याच वर्षी, ३० मे १९५५ रोजी, जोशींचं मुंबईत निधन झालं.

आता गिरण्या गेल्या. पण नोकरीसाठी पैसे मोजणं गेलंय का? आखाती देशांत जाताना एजंटला व्हिसाचे पैसे देण्यासाठी दागिने गहाण पडतात. महाडच्या एमआयडीसीत कायम कामगाराशेजारी ठेकेदाराचा माणूस उभा असतो. काम तेच, हक्क कमी. फसवणारा एजंट पकडला की बातमी येते, आपण समाधानी होतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या नावाने तेच ऑफिस उघडतं. जोशींच्या काळातले १९२६ आणि १९३६ चे कायदेही आता २०१९ आणि २०२० च्या नव्या कामगार संहितांमध्ये मिसळले आहेत. त्यात कामगाराचं काय राहिलं आणि काय गेलं, हे वाचणारे आपल्यात किती आहेत?

मी मुलांना शाळेत सांगतो की चोर पकडणं हे पोलिसांचं काम आहे. दाराला कडी का नाही, हे विचारणं मात्र घरातल्या सगळ्यांचं काम आहे. गोरेगावच्या या मास्तरांनी आयुष्यभर तेच विचारलं. सुट्टीत मुंबईला गेलात तर लोअर परळला पोरांना ती पाटी दाखवा, आणि हा माणूस आपल्या शेजारच्या गावचा होता हेही सांगा.