स्वप्नात सुचलेला प्रयोग : ऑटो लोवी

मित्रांनो, चेंडू अंगावर आला की आपला हात कसा पटकन पुढे होतो! मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूकडे जातो. पण मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मधे अगदी बारीक फट असते. मग निरोप पलीकडे जातो कसा? हे कोडे सोडवणारे शास्त्रज्ञ म्हणजे ऑटो लोवी.

त्यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर झाले आणि १९०९ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे प्राध्यापक झाले. निरोप विजेने जातो असे पुष्कळांना वाटे. लोवींना वाटे, एखादा रस तो नेत असावा. पण सिद्ध कसे करायचे?

१९२० साली एका रात्री स्वप्नात त्यांना प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला. सकाळी बघतात तर स्वतःचेच अक्षर लागेना! दिवसभर जिवाला चैन नाही. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न पडले. मग मात्र ते उठले नि थेट प्रयोगशाळेत गेले.

बेडकाचे हृदय बाहेर काढले तरी मिठाच्या पाण्यात काही वेळ धडधडते. लोवींनी अशी दोन हृदये घेतली. पहिल्याच्या मज्जातंतूला विजेचा झटका दिला. त्याची धडधड मंदावली. मग त्यातले पाणी दुसऱ्या हृदयाला दिले. तेही मंदावले! म्हणजे मज्जातंतूने पाण्यात काहीतरी सोडले होते. तो पदार्थ अॅसिटिलकोलीन. हातापायांच्या स्नायूंनाही तोच निरोप देतो, हे पुढे हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९३६ साली लोवी आणि डेल यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३८ साली हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात घुसले. ज्यू म्हणून लोवींना व त्यांच्या दोन मुलांना रात्री पकडून तुरुंगात टाकले. तिथे त्यांना एकच घोर, आपल्याला मारले तर नवा प्रयोग जगाला कळणार कसा? त्यांनी एक पोस्टकार्ड मिळवले, त्यावर प्रयोग लिहून पाठवला, तेव्हा जीव भांड्यात पडला. सुटकेसाठी नोबेलचे पैसे द्यावे लागले, देशही सोडावा लागला. १९४० साली ते अमेरिकेत गेले व न्यूयॉर्कला शिकवू लागले. २५ डिसेंबर १९६१ रोजी ते वारले.

पैसा गेला, घर गेले, पण विद्या कोणाला हिसकावता आली नाही. आणि मित्रांनो, सुचलेले लगेच लिहून ठेवा, तेही वाचता येईल असे! गुरुजी अक्षर सुधारा म्हणतात, ते काही उगीच नाही.