परत बोलावलेले रुग्ण

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनने हात पुढे करून 'कोकर' म्हटले, की सिस्टर टोकाला दात असलेला एक मजबूत चिमटा त्या हातात ठेवते. पित्ताशयाच्या उघड्या शस्त्रक्रियेसाठी उजव्या बरगड्यांखाली घेतला जाणारा तिरका छेद कोकरचा. स्वादुपिंडाच्या मागे पोहोचण्यासाठी लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मोकळा करून वळवतात, ती युक्तीही कोकरची. निखळलेला खांदा बसवण्याची एक पद्धत पुन्हा त्याच नावाची. वैद्यकाचा विद्यार्थी हे नाव चार-पाच वेळा पाठ करतो आणि तो माणूस कोण होता याची चौकशी न करता पदवी घेऊन बाहेर पडतो.

थिओडोर कोकर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात २५ ऑगस्ट १८४१ रोजी झाला. जर्मन उच्चार 'कोखर'च्या जवळचा, पण आपल्याकडे कोकर रूढ झाला आहे. घर धार्मिक, मुलगा अबोल आणि अभ्यासू. बर्नमध्येच वैद्यकाचे शिक्षण झाले. नंतर बर्लिन, लंडन, पॅरिस आणि व्हिएन्ना इथे जाऊन त्या काळच्या नामवंत सर्जनांचे काम त्यांनी जवळून पाहिले. १८७२ मध्ये बर्न विद्यापीठात शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हा अध्यापक मंडळाची पसंती एका जर्मन सर्जनला होती. विद्यार्थी आणि स्थानिक लोक मात्र आपल्या शहरातल्या तरुणाच्या पाठीशी उभे राहिले आणि सरकारने त्यांचे ऐकले. कोकर तेव्हा तीस वर्षांचे होते. पुढे प्राग, व्हिएन्ना, बर्लिन इथून बोलावणी आली, तरी त्यांनी बर्न सोडले नाही. पंचेचाळीस वर्षे ते त्याच शहरात, इन्सेल रुग्णालयात काम करत राहिले.

बर्न सोडले नाही, हे पुढच्या हकिकतीत महत्त्वाचे आहे. कारण ज्या आजाराने त्यांना नाव मिळवून दिले, तो त्यांच्या दारातच होता. आल्प्स पर्वताच्या दऱ्याखोऱ्यांत गलगंड इतका सर्रास होता, की गळ्याखाली गाठ नसलेला माणूस काही खेड्यांत उठून दिसावा. हिमनद्यांनी आणि पावसाने तिथल्या जमिनीतले आयोडीन धुऊन नेले होते, आणि समुद्र लांब होता. आयोडीन कमी पडले, की थायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक बनवण्यासाठी धडपडते आणि त्या धडपडीत फुगत जाते. काहींची गाठ सुपारीएवढी राही, काहींची नारळाएवढी होई. वाढता गलगंड श्वासनलिकेला दाबे आणि रुग्ण रात्री आडवा झाला की त्याचा जीव गुदमरे. जन्मापासून थायरॉइडचे काम अपुरे असलेली मुले बुटकी आणि मंदबुद्धीची राहत, तीही याच खोऱ्यांत जास्त. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी नेमका संबंध काय, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

मग गाठ कापून का काढत नसत? कारण त्यात माणूस वाचेलच असे नव्हते. थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर असतो, आणि गलगंडात त्या रक्तवाहिन्या आणखी फुगतात. एक सुटली की मान रक्ताने भरून जाते. ग्रंथीच्या मागे दोन्ही बाजूंनी आवाजाची नस जाते. ती दुखावली तर आवाज बसतो, दोन्ही दुखावल्या तर श्वासही अडतो. रक्तस्रावातून वाचलेला रुग्ण नंतर जखमेत पू होऊन जाई. अमेरिकेतील ख्यातनाम सर्जन सॅम्युअल ग्रॉस यांनी १८६६ मध्ये, शहाण्या सर्जनने या शस्त्रक्रियेच्या वाटेला जाऊ नये असे बजावले होते. युरोपात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, त्या थिओडोर बिलरोथ यांनी झुरिचमध्ये असताना वीसेक गलगंड काढून पाहिले. जवळजवळ चाळीस टक्के रुग्ण दगावले, तेव्हा त्यांनी काही वर्षे हा नादच सोडला.

कोकर यांनी ही शस्त्रक्रिया हातात घेतली ती तीन गोष्टींच्या बळावर. पहिली, जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशनाची पद्धत. ती त्यांनी लवकर स्वीकारली आणि अत्यंत कडकपणे पाळली. दुसरी, मानेवर गळपट्टीसारखा आडवा छेद, ज्यातून सगळी ग्रंथी नीट दिसते. तिसरी त्यांचा स्वभाव. भूल देण्याची सोय नव्हती त्या काळापासून सर्जनचा मान त्याच्या वेगावर ठरत आला होता. कोकर मात्र संथ होते. प्रत्येक रक्तवाहिनी शोधायची, दोन चिमट्यांत धरायची, बांधायची, मगच कापायची. रक्त वाहिले नाही, तर नस दिसते. दिसली, तर वाचवता येते. पुढे बधिरतेसाठी कोकेन उपलब्ध झाले, तेव्हा अनेक गलगंड त्यांनी रुग्ण जागा ठेवूनच काढले. अशा रुग्णाला मधूनमधून बोलायला लावता येते आणि आवाजाची नस शाबूत आहे, हे तिथल्या तिथे समजते.

सुरुवातीच्या शंभर रुग्णांत दहाहून अधिक मृत्यू झाले; १८९० च्या दशकाअखेर हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. आज आकडा साधा वाटेल. पण गुदमरून मरणे किंवा टेबलावर मरणे एवढेच पर्याय ज्यांच्यापुढे होते, त्यांच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होता.

आणि नेमक्या याच सफाईतून घात झाला.

जी ग्रंथी रोगट आहे, ती हात शाबूत असताना अर्धवट का ठेवायची? ठेवली तर पुन्हा वाढेल. म्हणून काही रुग्णांत कोकर पूर्ण थायरॉइड काढून टाकू लागले. थायरॉइड कशासाठी असते, हे तेव्हाच्या वैद्यकाला माहीत नव्हते. मानेला गोलाई देणारी, फारशा कामाची नसलेली ग्रंथी, अशी समजूत असणारेही होते. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची पूर्ण ग्रंथी काढली. जखम छान भरली, मुलगी घरी गेली. तिला पाठवणारे गावचे डॉक्टर फेचरिन यांच्या लक्षात काही दिवसांनी आले, की ही पूर्वीची हसरी, खेळकर मुलगी राहिलेली नाही. ती मंद झाली आहे, चिडचिडी झाली आहे. त्यांनी ते कोकर यांच्या कानावर घातले. कोकर यांनी तेव्हा त्याचा पाठपुरावा केला नाही. आठ वर्षे गेली.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हातील एका परिषदेत तिथले सर्जन जाक-लुई रेव्हर्दां यांची गाठ पडली. पूर्ण थायरॉइड काढलेल्या आपल्या काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी अशक्तपणा, सूज आणि बुद्धीचे मांद्य दिसते, असे रेव्हर्दां यांनी सांगितले आणि तुमचे रुग्ण कसे आहेत असे विचारले. कोकर यांच्याकडे उत्तर नव्हते. टाके काढून घरी पाठवलेल्या रुग्णाला वर्षांनंतर पुन्हा तपासण्याची प्रथाच नव्हती.

बर्नला परतल्यावर त्यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावले. पूर्ण ग्रंथी काढलेल्या चौतीस जणांपैकी अठरा तपासायला मिळाले. त्यांतले सोळा आजारी होते. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी व जाड, केस विरळ, हातपाय थंड, हालचाल जड, बोलणे संथ. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची वाढ खुंटली होती. ती १८७४ ची मुलगीही आली. शस्त्रक्रियेआधी ती आणि तिची धाकटी बहीण इतक्या सारख्या दिसत, की लोकांची गफलत होई. आता धाकटी पूर्ण वाढलेली, देखणी तरुणी होती. थोरली मात्र तिच्यापेक्षा कितीतरी बुटकी, फुगलेल्या चेहऱ्याची, बुद्धीने मागे पडलेली. ज्यांची अर्धीच ग्रंथी काढली होती, ते रुग्ण ठणठणीत होते. दोष शस्त्रक्रियेत होता, आणि ती उत्तम झाल्यामुळेच होता.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या अधिवेशनात कोकर यांनी आपल्या शंभर गलगंडांचा हिशेब मांडला. यशाचा आकडा अभिमानाने सांगता आला असता. त्यांनी त्यासोबत हे सोळा रुग्णही मांडले, या अवस्थेला 'कॅकेक्सिया स्ट्रुमिप्रिवा', म्हणजे गलगंड काढल्याने येणारी खंगावस्था, असे नाव दिले आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण थायरॉइड काढणे थांबवले. कारण मात्र त्यांनी चुकीचे सांगितले. रक्तवाहिन्या बांधल्याने श्वासनलिका कमजोर होते आणि शरीराला प्राणवायू कमी पडतो, असा त्यांचा तर्क होता. त्याच वर्षी फेलिक्स सेमन यांनी लंडनमध्ये सुचवले, की गलगंडाच्या प्रदेशातली मंदबुद्धी मुले, मिक्सिडीमा नावाचा प्रौढांचा आजार आणि कोकर यांचे रुग्ण या तिन्हींचे मूळ एकच आहे: थायरॉइडचा अभाव. आधी त्यांची थट्टा झाली. नेमलेल्या समितीने १८८८ मध्ये तेच खरे असल्याचा निर्वाळा दिला. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून मिक्सिडीमाची एक रुग्ण बरी करून दाखवली.

या शोधाच्या श्रेयावरून रेव्हर्दां आणि कोकर यांच्यात कटुता आली, आणि रेव्हर्दां यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. प्रश्न त्यांनी आधी विचारला होता. फेचरिन यांनी तर त्याच्याही आधी. कोकर यांचे वेगळेपण एवढेच, की उशिरा का होईना, त्यांनी स्वतःच्या सगळ्या रुग्णांची मोजदाद केली आणि ती अर्धी झाकून ठेवली नाही.

अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी दोघांचेही काम पाहून एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. पुन्हा गलगंडाकडे वळलेल्या बिलरोथ यांच्या रुग्णांना हातपाय आखडून झटके येत, मिक्सिडीमा क्वचित होई. कोकर यांच्याकडे उलट. बिलरोथ झपाट्याने काम करत, त्यामुळे थायरॉइडचे तुकडे मागे राहत, पण तिच्या पाठीला चिकटलेल्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावत. कोकर इतके नेटके, की पॅराथायरॉइड सुरक्षित राहत आणि थायरॉइडचा कणही उरत नसे.

आज थायरॉइडचा कर्करोग, दोन्ही बाजूंचा मोठा गलगंड किंवा औषधाला दाद न देणारा ग्रेव्हज आजार असेल, तर पूर्ण ग्रंथी काढतात. एकाच बाजूची साधी गाठ असेल, तर बहुधा तेवढा अर्धा भाग. पूर्ण ग्रंथी काढणे आज सुरक्षित आहे ते थायरॉक्सिनच्या गोळीमुळे. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती लहानशी गोळी कंटाळून बंद करणारे रुग्ण अजून भेटतात, आणि काही महिन्यांत त्यांचा चेहरा कोकर यांच्या सोळा जणांसारखा दिसू लागतो. शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, तर लगेच सांगा असे डॉक्टर बजावतात, ते बिलरोथ यांच्या रुग्णांमुळे.

कोकर यांचे बाकीचे काम नुसते सांगायचे तरी जागा पुरणार नाही. हर्निया, जठर, हाडांचा जंतुसंसर्ग, मेंदूवरील दाब, बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या जखमा, सगळ्यांत त्यांचा हात फिरला. त्यांच्याकडे बर्नला येऊन राहिलेले हार्वी कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य पुरुष ठरले. थायरॉइडवरील कामासाठी १९०९ मध्ये कोकर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले सर्जन. १९१२ मध्ये त्यांनी संशोधन संस्थेसाठी विद्यापीठाला मोठी देणगी दिली.

गलगंड मात्र चिमट्याने संपला नाही. १९२२ पासून स्वित्झर्लंडच्या काही प्रांतांनी मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात केली आणि एका पिढीत शाळकरी मुलांच्या गळ्यांवरून ती गाठ ओसरत गेली. भारतात हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात हाच आजार होता. इथे राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' असे लिहिलेले असते ते त्याच मालिकेतले.

ते दिवस कोकर यांनी पाहिले नाहीत. थायरॉइडच्या सुमारे पाच हजार शस्त्रक्रियांचा हिशेब त्यांनी आयुष्याच्या अखेरीस मांडला, त्यात मृत्यूंचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. २३ जुलै १९१७ च्या संध्याकाळी रुग्णालयातून तातडीचे बोलावणे आले. पंचाहत्तरी पार केलेले कोकर गेले, शस्त्रक्रिया पूर्ण केली आणि बरे वाटेना म्हणून घरी येऊन अंथरुणाला लागले. पडल्या पडल्या टिपणे चालूच होती. चार दिवसांनी, २७ जुलैला, ते गेले.