विताले ब्रामानी

विताले ब्रामानी (इ.स. १९०० - इ.स. १९७०) हे मिलान येथील इटालियन गिर्यारोहक व उद्योजक होते. गिर्यारोहणाच्या बुटांना लावल्या जाणाऱ्या, खोल खाचा असलेल्या रबरी तळाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. 'व्हिब्राम' हे नाव त्यांच्या नावाच्या व आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षरांपासून बनले आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्प्समध्ये चढाई करणाऱ्यांना एका जोडीवर भागत नसे. बर्फासाठी चामड्याच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले जड बूट वापरीत. खिळे बर्फात रुतत. परंतु उघड्या खडकावर ते घसरत आणि धातूतून थंडी थेट पायापर्यंत पोहोचे. म्हणून कातळ सुरू झाला की हे बूट काढून दोरीच्या किंवा नमद्याच्या तळाचे हलके जोडे चढविण्याची प्रथा होती. हे जोडे कोरड्या खडकावर उत्तम पकड देत, मात्र ओले होताच निरुपयोगी ठरत. कातळावर असतानाच हिमवर्षाव सुरू झाला, तर आरोहकाच्या पायांत नेमके चुकीचे जोडे असत.

रासिका दुर्घटना

सप्टेंबर १९३५ मध्ये इटली-स्वित्झर्लंड सीमेवरील पुंता रासिका या सुमारे ३,३०० मीटर उंचीच्या शिखरावर ब्रामानी यांच्यासोबत गेलेला गट वादळात सापडला. थंडी आणि थकव्यामुळे सहा जणांचा मृत्यू झाला. ब्रामानी वाचले. मृत्यूंना हवामान जबाबदार होतेच, पण अपुरी पादत्राणे हेही एक कारण मानले जाते. ब्रामानी यांनी पुढील काळ याच प्रश्नाला वाहिला: खडक आणि बर्फ दोन्हींवर चालेल असा एकच तळ करता येईल काय?

रबरी तळ

पिरेल्ली या रबर कंपनीच्या साहाय्याने त्यांनी व्हल्कनीकरण केलेल्या रबराचा तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे एकस्व घेतले. तळाच्या मध्यभागी अधिक-चिन्हाच्या आकाराचे आणि कडांना ठोकळ्यांसारखे उंचवटे होते. रणगाड्याच्या पट्ट्याशी असलेल्या साम्यामुळे त्यास 'कार्रार्मातो', म्हणजे रणगाडा, असे नाव पडले. रबर खडकाला धरून राहते, उंचवटे बर्फात व चिखलात रुततात, आणि लोखंडाच्या तुलनेत रबर थंडी फारच कमी वाहून नेते.

त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रामानी आणि एत्तोरे कास्तिल्योनी यांनी पित्स बादिले (३,३०८ मी.) या शिखराच्या वायव्य कड्यावर पहिली चढाई केली. या चढाईत नव्या तळाचा वापर झाला. (त्याच महिन्यात रिकार्दो कासिन यांच्या गटाने सर केलेला ईशान्य कडा अधिक प्रसिद्ध आहे, दोन्हींची गल्लत होऊ नये.) कास्तिल्योनी १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधून इटलीत परतताना डोंगरातच थंडीने मरण पावले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या तळाचा प्रसार झपाट्याने झाला आणि खिळ्यांचे बूट मागे पडले. १९५४ मध्ये के२ शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांनाही व्हिब्रामचे तळ होते.

प्रस्तरारोहणाच्या बुटांशी संबंध

ब्रामानी यांचा तळ आजच्या प्रस्तरारोहणाच्या बुटांचा थेट पूर्वज नव्हे. निव्वळ कातळासाठी खाचा नसलेला, गुळगुळीत रबरी तळ अधिक उपयुक्त ठरतो, कारण त्याचा अधिकाधिक पृष्ठभाग खडकाला टेकतो. अशा बुटांचा विकास फ्रान्समध्ये पिएर आलँ यांनी फाँतेनब्लोच्या खडकांवर केला. त्यामुळे बूट निवडताना आरोहकापुढे आजही तोच भेद उभा राहतो: केवळ कातळ चढायचा असेल तर पायाला घट्ट बसणारा, गुळगुळीत तळाचा हलका बूट, वाटेत बर्फ, घसारा व लांबची चाल असेल तर खाचांचा, ताठ तळाचा बूट. पुढे व्हिब्राम कंपनी गुळगुळीत तळांसाठीचे रबरही बनवू लागली.