जॉन फॉन नॉयमन

जॉन फॉन नॉयमन (२८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट – ८ फेब्रुवारी १९५७, वॉशिंग्टन) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ होते. आधुनिक संगणकाची रचना मांडणाऱ्यांत त्यांची गणना होते. अनेक स्वतंत्र घटकांच्या परस्परक्रियेतून चालणाऱ्या मल्टी-एजंट प्रणालींचा सैद्धांतिक पायाही बऱ्याच अंशी त्यांच्या संशोधनात आढळतो.

जीवन

त्यांचा जन्म एका ज्यू बँक-व्यावसायिकाच्या कुटुंबात झाला. १९२६ मध्ये त्यांनी झुरिच येथून रासायनिक अभियांत्रिकीची पदविका आणि बुडापेस्ट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली. १९३० मध्ये ते प्रिन्स्टनला गेले व १९३३ पासून तेथील प्रगत अध्ययन संस्थेत प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अणुबाँब प्रकल्पासाठी काम केले.

खेळ सिद्धांत

एकाचा लाभ हीच दुसऱ्याची हानी असलेल्या दोघांच्या खेळात प्रत्येकाला आपली हानी मर्यादित राखणारे धोरण असते, हे त्यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले. ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी हा विचार अर्थशास्त्रापर्यंत नेला.

स्वयंपुनरुत्पादक यंत्रे

यंत्र स्वतःसारखे दुसरे यंत्र घडवू शकेल काय, हा प्रश्न त्यांनी १९४८ च्या व्याख्यानात मांडला. यंत्राचे वर्णन एकदा सूचना म्हणून वापरायचे व एकदा त्याची केवळ नक्कल करायची, असे त्यांचे उत्तर होते. डीएनएची रचना उलगडण्यापूर्वीची ही मांडणी आहे. स्टॅनिस्लाव उलाम यांच्या सूचनेवरून त्यांनी चौकटींची जाळी कल्पिली. तिच्यातील प्रत्येक चौकट २९ पैकी एका अवस्थेत असते आणि तिची पुढील अवस्था ती स्वतः व चार शेजारी ठरवतात. सर्वांवर हुकमत चालवणारा कोणी नसतो. कर्करोगाने त्यांचे निधन झाल्याने हे काम अपूर्ण राहिले. आर्थर बर्क्स यांनी ते पूर्ण करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केले.

संगणक व मुंबई

प्रिन्स्टनच्या संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संगणकाचा आराखडा अनेक देशांत अनुसरला गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक त्याच परंपरेतील होता.

वारसा

नेटलोगोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटींच्या पटावर फिरते घटक सोडून वाहतूक वा साथीच्या रोगांचा प्रसार अभ्यासता येतो. घटकांमधील स्पर्धा व वाटाघाटी आखताना खेळ सिद्धांत उपयोगी पडतो. हे घटक एकाच वेळी वावरताना दिसले, तरी सामान्य संगणकावर प्रक्रियक बहुधा त्यांचे नियम एकामागून एक पार पाडतो. ही क्रमवार पद्धतही नॉयमन यांच्याच नावाने ओळखली जाते.