चिमणीवर नेम धरणारा मुलगा पक्षीतज्ज्ञ कसा झाला? सालिम अलींची बंदूक आणि दुर्बीण

हिवाळ्यात भाईंदरजवळच्या उत्तनला गेलात तर किनाऱ्यावर एकीकडे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकताना दिसतात आणि दुसरीकडे पाण्यावर कुरव पक्ष्यांचे थवे. सुट्टीच्या सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवलेलं कुणी भेटलं तर त्यात आता नवल वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र मुंबईच्या आसपास पक्ष्यांमागे फिरणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा बंदूक असायची. पक्षी ओळखायचा तर आधी तो पाडायचा, मग हातात घेऊन बघायचा, अशी पद्धत होती.

बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंतचा हा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात बघायचा असेल तर डॉ. सालिम अलींकडे बघावं लागतं. भारताचे सगळ्यात मोठे पक्षीतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकातही असतं. पण त्यांची सुरुवात शिकारीपासून झाली होती, आणि त्यांनी ती कधी लपवलीही नाही.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईतला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या मुलांना खेतवाडीतल्या घरात वाढवलं. मामांना शिकारीचा नाद होता. भाच्यालाही तो लागला आणि त्याच्या हातात खेळण्यातली एअरगन आली.

अशा एअरगनला दुर्बीण वगैरे काही नसे. नळीच्या टोकावरची माशी आणि डोळ्याजवळची खाच एका रेषेत आणायची की झाला नेम. त्यामुळे अगदी जवळ जाऊन, श्वास रोखून, बराच वेळ दबा धरून बसावं लागे. पुढे आयुष्यभर कामाला आलेली ही सवय त्यांना तिथेच लागली असं म्हणायला हरकत नाही.

याचा एक पुरावा त्यांच्याच टिपणात सापडतो. साल 1906-07, वय दहाच्या आसपास. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंडी उबवत होती आणि नर बाहेर पहारा देत होता. सालिमने गाडीच्या आडून नर टिपला. थोड्या वेळात मादीने दुसरा नर आणला. त्यालाही टिपला. सात दिवसांत असे आठ नर त्याने मारले, आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. हे सगळं त्याने वहीत नीट लिहून ठेवलं. नेमबाजीची फुशारकी म्हणून लिहिलेलं हे टिपण पुढे पक्ष्यांच्या वर्तनाची नोंद म्हणून छापलं गेलं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण निरीक्षण मात्र पक्कं आहे.

असंच एकदा पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. बोहरी घरातल्या मुलाला पहिला प्रश्न पडला तो ही खायला चालेल का, हा. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी ओळखीची चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवलं. 1883 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव तेव्हा वॉल्टर मिलार्ड होते. गोऱ्या साहेबासमोर बिचकत उभ्या राहिलेल्या मुलाला त्यांनी सांगितलं की ही पितकंठी चिमणी, आपल्याकडे तिला रानचिमणीही म्हणतात. मग कपाटाचे खण उघडून जतन केलेले कितीतरी पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. मेलेला पक्षी सोलून, आत कापूस भरून कसा टिकवायचा, हेही सालिम पुढे याच संस्थेत शिकले.

छर्रे बारीक का हवेत?

इथे थोडं थांबून बंदुकीबद्दल समजून घेऊ. रायफल आणि छऱ्याची बंदूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रायफलमधून एकच गोळी जाते. लांबवरच्या लहानशा प्राण्यावर ती नेमकी बसावी म्हणून रायफलवर दुर्बीण लावतात. छऱ्याच्या बंदुकीतून एकाच वेळी अनेक छर्रे सुटून पसरतात, म्हणून उडत्या पक्ष्यासाठी ती वापरतात. तिला दुर्बिणीची गरज नसते. संग्रहालयासाठी पक्षी गोळा करणारे तर धुळीसारखे बारीक छर्रे भरत. जाड छऱ्याने पिसं फाटली की नमुना वाया गेला.

म्हणजे ज्या काळात सालिम अली पक्षी गोळा करत होते, तेव्हा बंदूक आणि दुर्बीण यांची कामं वेगळी होती. एक नमुना मिळवण्यासाठी, दुसरी जिवंत पक्षी बघण्यासाठी.

दुर्बिणीचं गणित मात्र रायफलवरची असो की गळ्यातली, सारखंच असतं. 8×40 असं लिहिलेलं असेल तर 8 म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते आणि 40 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर. 40 ला 8 ने भागलं की 5 येतात. डोळ्यापाशी येणारा प्रकाशझोत तेवढे मिलिमीटर रुंद असतो. हा आकडा फार लहान असेल तर पहाटे आणि संध्याकाळी चित्र अंधुक दिसतं, आणि पक्षी नेमके त्याच वेळी बाहेर असतात. स्वस्त दुर्बिणी विकणारे पहिला आकडा फुगवून सांगतात. पण पट वाढले की दिसणारा भाग आक्रसतो आणि हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. झाडीत हलणारा पक्षी मग सापडतच नाही. कमी पैशात घ्यायची तर कमी पटीची पण स्वच्छ काचेची घ्यावी, हे कोणताही जुना पक्षीनिरीक्षक सांगेल.

नोकरी गेली, सुगरण सापडली

कॉलेजात सालिम अलींचं मन रमलं नाही. 1914 च्या सुमारास ते ब्रह्मदेशात तवॉयला गेले. घरच्यांचा तिथे वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. जंगलात शिकार आणि पक्षीनिरीक्षण भरपूर झालं. मुंबईला परतल्यावर हिशेबनिशी आणि व्यापारी कायदा शिकत असतानाच सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. 1918 मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं.

पण पदवी नव्हती. झूलॉजिकल सर्व्हेमधली पक्षीतज्ज्ञाची जागा त्यामुळे मिळाली नाही. 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. पगार महिना 350 रुपये. दोन वर्षांनी ते रजा घेऊन बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. 1930 मध्ये परत येऊन पाहतात तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली.

वय चौतीस, हातात नोकरी नाही. मुंबईत राहणं परवडेना म्हणून दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती. सालिम अली महिनोन्महिने आडोशाला बसून फक्त बघत राहिले. नर घरटं अर्धवट विणतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडलं तर ती आत मुक्काम ठोकते, आणि नर घरटं पुरं करून दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. सुगरणीचा हा संसार असा चालतो हे तोवर कुणी नीट मांडलेलं नव्हतं. आठ चिमण्या मारून जी गोष्ट मुलाला निम्मीच कळली होती, तशी गोष्ट इथे एकही छर्रा न उडवता उलगडली. त्यांचं नाव झालं ते या कामाने.

पोटापाण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यावर त्यांनी साधी युक्ती काढली. संस्थानांना सांगितलं की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी मी विनामोबदला करतो, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा पाहण्या यातून झाल्या. तेहमिना बरोबर असत, तंबूतला संसार त्याच सांभाळत. 1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. 1941 मध्ये आलेलं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' त्यांना बघायला मिळालं नाही.

या पाहण्यांत बंदूक होतीच. नमुने गोळा केल्याबद्दल त्यांना उतारवयातही प्रश्न विचारले जात. शास्त्रासाठी मोजके पक्षी मारणं आणि हौसेसाठी थवेच्या थवे लोळवणं यात ते फरक करत. भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 रोजी, म्हणजे नेमक्या त्यांच्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीने एका दिवसात 4,273 पक्षी पाडले होते. स्वातंत्र्यानंतर तिथलं तळं कोरडं करून शेती करायची मागणी आली, तेव्हा ते वाचवण्यासाठी सालिम अलींनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकला. तळं वाचलं.

1959 नंतर बीएनएचएसने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. बारीक जाळ्यात पक्षी धरायचा, पायात क्रमांकाचं हलकं कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. तोच पक्षी पुन्हा सापडला की त्याचा प्रवास कळतो. मेलेल्या पक्ष्याकडून हे कळणं शक्यच नव्हतं.

1976 मध्ये पद्मविभूषण आणि 50,000 डॉलरचा गेटी पुरस्कार मिळाला. एकेकाळी 350 रुपयांची नोकरी गमावलेल्या माणसाने ती रक्कम निसर्गसंवर्धनासाठी देऊन टाकली. 1985 मध्ये ते राज्यसभेवर गेले, त्याच वर्षी 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मचरित्र आलं. नावातली चिमणी तीच, पिवळ्या गळ्याची. 1987 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावाचं एक वटवाघूळही आहे. 1948 मध्ये दक्षिणेत पकडलेला त्याचा नमुना बीएनएचएसच्या संग्रहात चुकीच्या नावाने पडून होता. 1972 मध्ये ती वेगळीच जात असल्याचं लक्षात आलं आणि तिला सालिम अलींचं नाव मिळालं. त्याच 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात फळं खाणारी सगळी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांच्या शेजारी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, म्हणजे कुणीही मारावीत अशी. त्यात हे दुर्मिळ वटवाघूळही आलं. पुढे कायद्यात बदल करून त्याला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत नेण्यात आलं.